चौकशीची खिडकी

३ मार्च, सोमवार

पुनमने सुरतेला जाताना ही वही हातात दिली. म्हणाली, "नाना, आईचं रोज थोडं लिहून ठेवत जा, म्हणजे फोनवर नीट सांगता येईल." आईचं काय लिहायचं? पडून आहे, पडूनच आहे. तेव्हा माझंच लिहितो.

मी लोटन झुलाल पाटील, एस.टी.चा निवृत्त वाहतूक नियंत्रक, धुळे आगार. अर्धी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेली आणि अर्धी माईकवर. खिडकीला सकाळपासून गर्दी. शिरपूर किती वाजता, चोपडा लागली का, साक्री कुठे उभी राहते. उत्तर देता देता जीव नकोसा व्हायचा. आता दिवस दिवस कोणी काही विचारत नाही.

द्रौपदाला संक्रांतीनंतर लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. पुनम दीड महिना इथे राहिली. तिची शाळेची नोकरी आहे, तिला जाणं भाग होतं. जाताना ब्युरोकडून चोवीस तासांची बाई लावून गेली.

ती आज आली. नाव रूपा. शिरपूरच्या पुढचं गाव, नवरा सुरतेला लूमवर, लहान मुलगी आईकडे. दारातच म्हणाली, "नाना, अक्का कथी शेतस?" म्हणजे कुठे आहेत. मी लगेच सांगितलं, बाई, या घरात शुद्ध बोलायचं. पुनम जन्मली तेव्हापासून या घरात अहिराणी बंद आहे. म्हणून तर माझी पोरगी आज इंग्रजी शाळेत शिकवते. ती "हो नाना" म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

आंघोळीला इतका वेळ लागतो का, हे पाहायला हवं.

६ मार्च, गुरुवार

रूपाचं काम पाहतो आहे. आगारात नव्या माणसावर असंच लक्ष ठेवायचो, त्यात वाईट काही नाही.

एक, हळू आहे. वाटीभर पातळ खिचडी भरवायला तास लावते. आधी पाठीशी उशा लावून बसतं करते, मग चमचा, मग थांबते, गिळलं का बघते, मग दुसरा चमचा. अशाने गाडी कधी पोचायची? दोन, सारखी हलवाहलवी. या कुशीवरून त्या कुशीवर. आजारी माणसाला निवांत पडू द्यावं, तर हिचं उशी काढ, उशी घाल. तीन, बोलते फार. दाराआड तोंड बंद म्हणून नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार.

आज दुपारी आतून हसण्याचा आवाज आला. एक रूपाचा होता. दुसरा ओळखायला मला वेळ लागला. द्रौपदा हसत होती. संक्रांतीपासून पहिल्यांदा.

मी लगबगीने आत गेलो तर रूपा मधोमध उभी, ओला टॉवेल दोन्ही मनगटांवर ताणून, हात वरखाली करत होती. द्रौपदाही डावं मनगट तसंच हलवत होती. मला पाहिल्याबरोबर दोघी गप्प. काय चाललंय विचारलं तर रूपा म्हणते, काही नाही नाना, असंच.

असंच म्हणे. कामाच्या वेळी टॉवेलशी खेळ. शिवाय मला पाहून गप्प व्हायचं कारण काय? माझ्यावरच हसत असणार.

११ मार्च, मंगळवार

आज मात्र मी आवाज चढवला.

सकाळी द्रौपदाच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं, तर हात मोकळा. हिरव्या बांगड्या गायब. सवाष्ण बाईचा हात, आणि मी जिवंत बसलो आहे बाहेर. रूपाला हाक मारली. ती म्हणाली, हाताला सूज आलीय, काच रुतत होती, साबण लावून अलगद काढल्या, एकही वाढवली नाही, सगळ्या डाव्या हातात भरल्या. पाहिलं तर खरंच डाव्या हातात दुप्पट बांगड्या.

मी म्हटलं, कोणाला विचारून? तर म्हणते, "अक्काले इचारीसन काढ्यात."

याला काय म्हणावं? जिला बोलता येत नाही तिला विचारलं म्हणे. वर पुन्हा अहिराणी. मी सांगितलं, मला विचारायचं होतं. ती मान खाली घालून उभी राहिली. द्रौपदा डाव्या हाताने पलंगावर आपटत होती, बांगड्या वाजत होत्या. तिलाही राग आला असणार रूपाचा.

उजव्या मनगटावर लाल वळ होते खरे. दुपारी गेले.

१९ मार्च, बुधवार

काही दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. ऊन वाढलं आहे. मी सकाळी पेपर वाचतो, मग ओट्यावर बसतो, मग आत येतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि पलीकडे रूपाचा आवाज चालू. मधूनच द्रौपदाचं काहीतरी. शब्द असतो की नुसता हुंकार, कळत नाही. मी दारापर्यंत गेलो की थांबतं.

रूपा म्हणते, अक्का आता बोलतात एकेक शब्द. मी संध्याकाळी मुद्दाम खुर्ची ओढून बसलो. माईकवर बोलायचो तसं स्वच्छ विचारलं, "द्रौपदाबाई, कसं वाटतंय? काही त्रास होतोय का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड भिंतीकडे केलं.

बेचाळीस वर्षांचा संसार आहे. दोन आठवड्यांच्या बाईशी हसते आणि मला भिंत. मी जेवलो नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

रूपाने आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी आत्तापासून मागून ठेवली. भाऊ मुराळी म्हणून न्यायला येणार आहे, मुलगी वाट बघते. मी म्हटलं, आखाजी अजून लांब आहे, तोवर कोण कुठे असेल.

२४ मार्च, सोमवार

ब्युरोच्या अभिमनभाऊंना फोन केला, बाई बदला. ते म्हणाले, नाना, रूपाबद्दल आजवर एकाची तक्रार नाही, काय झालं? मी सांगितलं, काम हळू, तोंड जास्त, घरच्याला न विचारता निर्णय घेते. मला वयाने मोठी, अनुभवी आणि गप्प बसणारी बाई पाहिजे. ते म्हणाले, तुमची मर्जी.

रूपा आज पिशवी भरून निघाली. आत निरोप घ्यायला गेली तर द्रौपदाने डाव्या हाताने तिचा पदर धरला. सोडवायला वेळ लागला. सवय झाली की माणूस असं करतंच. दोन दिवसांत विसरेल.

दारात रूपा म्हणाली, "नाना, कुशीवर फिरावत ऱ्हाज्यात. नि इचारत ऱ्हाज्यात." आता मला शिकवायला निघाली. मी हो म्हणून कडी लावली.

घर एकदम शांत झालं. बरं वाटलं. मग जरा जास्तच शांत वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

नवी बाई बेबाबाई. सावद्याची. पन्नाशीची, स्वच्छ साडी, वर पांढरा कोट. पहिल्याच दिवशी मी नियम सांगितला: कामाचंच बोलायचं, आणि तेही कमी. ती नुसती मान हलवते. असं माणूस पाहिजे.

आंघोळ वेळेवर. खाणं वेळेवर, आणि पटकन. डायपर वेळेवर. गादीवर प्लास्टिकचा कागद घातला, म्हणजे गादी खराब होत नाही. काम झालं की पंख्याखाली खुर्चीत बसते, कानात मोबाईलची बोंडं घालून. माझी काही हरकत नाही, आवाज तर येत नाही. विचारलं तेव्हा कळलं, एक पेशंट वारला की दुसऱ्या दिवशी दुसरा, वर्षभर घरी गेलेली नाही. डोळ्यांखाली काळं झालं आहे तिच्या.

गाडी अगदी वेळापत्रकाप्रमाणे चालली आहे.

५ एप्रिल, शनिवार

घरात बसवेना म्हणून स्टँडवर जाऊन आलो. शिरपूरच्या फलाटासमोर बाकावर बसलो. माईकवर आता माणूस नाही, यंत्रातली बाई बोलते. गाडी उभी एकीकडे आणि ती सांगते दुसरीकडे. माझ्या वेळी असं झालं असतं तर लोकांनी खिडकी फोडली असती. एका म्हातारीने मला विचारलं, "भाऊ, थायनेरनी गाडी गयी का?" द्रौपदाचं माहेर थाळनेरकडचं. मी उठून पाहून आलो, तिला नीट गाडीत बसवलं. तिने पाठीवरून हात फिरवला. त्या एका गोष्टीवर दिवस गेला.

घरी आलो तेव्हा द्रौपदा सकाळी होती तशीच उताणी होती. मी विचारलं, "काही त्रास?" उत्तर नाही. म्हणजे तक्रार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पुनमचा व्हिडिओ फोन. आईच्या तोंडासमोर मोबाईल धरला तर द्रौपदा बघतही नव्हती. पुनम म्हणाली, आई वाळली आहे. मी म्हटलं, ऊन आहे, खाणं कमीच होतं या दिवसांत. मग तिने मनातलं सांगितलं. सुरतेत तिच्या घराजवळ एक केंद्र आहे, आजारी म्हाताऱ्यांना ठेवतात, डॉक्टर रोज येतो, नर्सा आहेत. आखाजीला ती येणार आहे. आईची तब्येत इथे नीट दिसली नाही तर सोबत घेऊन जाणार.

मी विचारलं, मग मी? म्हणाली, "नाना, तुम्ही माझ्याकडे या ना." तिचं घर चौथ्या मजल्यावर, सासू-सासऱ्यांसह दोन खोल्या. मी तिथे कुठे बसायचं? आणि केंद्रात नवऱ्याला ठेवत नाहीत.

बेबाबाईला बजावलं, आखाजीपर्यंत बाईंची तब्येत एक नंबर दिसली पाहिजे. तिने मान हलवली. मला द्रौपदाला कुठेही पाठवायचं नाही. ती बोलत नसली तरी घरात आहे, तेवढं पुरे आहे मला.

१९ एप्रिल, शनिवार

घरात वास येतो आहे. परवापासून. उंदीर मेला असणार.

कपाट सरकवलं, धान्याच्या कोठ्यांमागे पाहिलं, माळ्यावर चढलो. पडलो असतो तर दोन पेशंट झाले असते. काही सापडलं नाही. शेजारचे अमृतभाऊ आले, तेही हुंगत फिरले. म्हणाले, नाना, वास आतल्या खोलीतून येतो आहे. आत जाऊन पलंगाखाली वाकून पाहिलं. पलंगाखाली काहीच नव्हतं.

बेबाबाईने धूप लावला. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, पण मी मोरी धुवायला सांगितलं तर निघून गेली.

द्रौपदाने डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, तुलाही वास येतो ना? सापडेल. उंदीर काय, सापडतोच.

२२ एप्रिल, मंगळवार

वास आहेच. गटारीचं झाकण बदलून घेतलं. जाळीही बसवली. उन्हाने चाळिशी कधीच ओलांडली आहे, अशा उन्हात कशालाही वास मारतो.

द्रौपदा खात नाही. चमचा पुढे केला की दात घट्ट. बेबाबाई दोनदा प्रयत्न करते आणि वाटी उचलते. मला बाई गप्प हवी होती, तशी मिळाली. पण आता घरात तीन माणसं आणि शब्द एक नाही. पंखा तेवढा करकरतो. आज मी उगाचच मोठ्याने बोलून पाहिलं, धुळे-शिरपूर-सेंधवा गाडी फलाटावर लागत आहे. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली.

२७ एप्रिल, रविवार

पंचाईत झाली. बेबाबाई उद्या आखाजीला माहेरी जाते आहे, वर्षाचा एकच सण, भाऊ गाडी घेऊन येतोय. अभिमनभाऊंना बदली बाई मागितली तर ते हसले. "नाना, तुम्ही खान्देशातले ना? आखाजीले मी बाई कोठून आनू? बठ्ठ्या माहेरले जातस." खरंच आहे, आखाजीला सगळ्याच माहेरी जातात. नाशिकच्या मोठ्या ब्युरोलाही फोन केला, ते म्हणाले पाठवतो, आणि मग म्हणाले, तुमच्या भागातल्या बायका या आठवड्यात फोनच उचलत नाहीत.

मग पुनमचा फोन. तिच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आहे, आखाजीला येणं जमत नाही, तीन तारखेला येते. माझ्या मनात आलं, बरं झालं, तेवढे दिवस मिळाले. असं मनात येतं याचं मलाच नवल वाटलं.

मी आयुष्यात कधी बायकोची वेणी घातलेली नाही. उद्यापासून सगळं मला करायचं आहे.

२८ एप्रिल, सोमवार

घडलं तसं लिहितो.

बेबाबाई सकाळी गेली. मी पाणी गरम केलं, दार लावलं. बाहेर कोणी नव्हतं, तरी लावलं. रूपा दार का लावायची ते तेव्हा कळलं. द्रौपदाला कुशीवर वळवायला गेलो तर वजन काहीच नाही, नुसती हाडं. पातळ वर केलं आणि कमरेखाली पाहिलं.

उंदीर नव्हता.

माकडहाडावर जखम. माझा तळहात झाकेल एवढी, मधे खोल, कडा काळ्या पडलेल्या. प्लास्टिकचा कागद घामाने चिकटलेला. मी इतके दिवस माळे शोधत होतो.

तिला चादर पांघरली. मग तसाच चपला न घालता दवाखान्यात गेलो, कोपऱ्यावरच्या. तिथल्या संघमित्रा सिस्टर माझ्यासोबत आल्या. त्यांनी जखम धुतली, मेलेलं कापून काढलं, पट्टी केली. मी द्रौपदाचा डावा हात धरून होतो. तिने आवाज केला नाही, पण माझी बोटं अशी दाबली की बांगड्या माझ्या हाताला लागल्या.

सिस्टर म्हणाल्या, हे एका दिवसाचं नाही. सतत एकाच अंगावर पडून आणि ओलीत राहून होतं. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, हा कागद आधी काढा. मग विचारलं, "नाना, दुखत असेल एवढं. या कधीच काही म्हणाल्या नाहीत?"

मी म्हटलं, मी रोज विचारत होतो. रोज. त्यांनी सामान आवरलं. म्हणाल्या, उद्या परत येते.

बेबाबाईला सावद्याला फोन लावला, रागाने. मागून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. ती म्हणाली, "नाना, मी लाल झालेलं पाहिलं होतं, पावडर लावत होते. सांगायला आले होते दोनदा. तुम्हीच म्हटलं होतं, बोलायचं नाही." मी म्हटलं, बोलू नको म्हणजे हे सांगू नको, असं होतं का? ती रडायला लागली. मी फोन ठेवला. तिच्या सणाचा विचका केला आणि हाती काही आलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

घड्याळ लावून कूस बदलतो आहे. कंबर धरली आहे माझी. डायपर, पाणी, पावडर, उशी. उशी नेमकी कुठे घालायची हे रूपाला माहीत होतं. मी घातली की द्रौपदाचं तोंड वाकडं होतं.

शेवटी रूपाला फोन केला. उचलणार नाही असं वाटलं होतं, उचलला. ती माहेरी होती, मागे पोरींचा गोंगाट. मी सगळं सांगितलं. मी म्हटलं, परत ये, तू म्हणशील तसं. तर म्हणाली, नाना, चार तारखेपासून जळगावला एक म्हातारे घेतले आहेत, शब्द दिलाय, त्यांना कोण बघणार? तिचं बरोबर होतं.

म्हणाली, अक्काच्या कानाला फोन लावा. लावला. बारीक आवाज मलाही येत होता. रूपा अहिराणीत आखाजीचं काहीबाही सांगत होती, मग विचारलं, अक्का, दुखस का? आणि द्रौपदा बोलली. घोगरं, पण स्वच्छ. "दुखस वं बाई."

लकवा झाल्यापासून मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं.

फोन परत घेतला तेव्हा रूपा म्हणाली, "नाना, तुम्हीन इचारा ना. तुम्हीन बी आपलाच शेतस." मी म्हटलं, हो, बघतो. एवढं सोपं असतं तर.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी वडिलांच्या नावाने घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. नैवेद्य करणार कोण, म्हणून अमृतभाऊंच्या घरून मांडा आला, खापरावरचा, नुकता उतरवलेला. पूर्वी द्रौपदा करायची. पुरण भरलेला उंडा दोन्ही मनगटांवर झेलत झेलत पंख्याएवढा मोठा करायची, एकदाही फाटायचा नाही.

मांडा दुधात कुस्करून पातळ केला. तिला उशांनी बसतं केलं, एक चमचा दिला आणि थांबलो. गिळलं. दुसरा दिला. मग तिने चव ओळखली असावी, कारण डाव्या बाजूने हसली आणि डावं मनगट उलटं करून हवेत हलवलं. वरखाली, वरखाली.

तेव्हा मला टॉवेल आठवला. ती पोरीला मांडा शिकवत होती. आणि मी आत जाऊन दोघींना गप्प केलं.

वाटी संपायला तास लागला.

मग पट्टी बदलायची होती. सिस्टरने दाखवलं तसं पाणी घेतलं, दार लावलं, तिला कुशीवर केलं. माझ्याकडे पाठ होती म्हणून बरं, तोंडाकडे बघून मला जमलं नसतं. चाळीस वर्षं जिभेला कुलूप लावलेलं, किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना. शेवटी म्हटलं, "दुरपी. दुखस का वं?"

लग्नानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत मी तिला दुरपी म्हणायचो. नंतर ती द्रौपदाबाई झाली, पुनमची आई झाली.

ती हललीच नाही. मला वाटलं, झोपली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "कव्हयनं दुखी ऱ्हायनं."

कधीचं दुखतं आहे.

चौकशीच्या खिडकीत बसून मी हजारो माणसांना उत्तरं दिली असतील, तिला तिच्या बोलीत एक प्रश्न विचारायला इतके दिवस लागले. पट्टी बांधली. हात धुवून आलो आणि पलंगाला टेकून खाली बसलो. तिने मागून हात माझ्या डोक्यावर ठेवला. बांगड्या जड झाल्या आहेत त्या हातात.

संध्याकाळी पुनमला फोन केला आणि सगळं सांगितलं, जखमेसकट, उंदरासकट, रूपाला का काढलं त्यासकट. ती पलीकडे रडत होती. मग म्हणाली, नाना, मी गाडी घेऊनच येते. मी म्हटलं, ये. मीच म्हटलं.

३ मे, शनिवार

पुनम आली, सोबत अँब्युलन्स. जखम पाहून ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

स्ट्रेचर आत आणण्याआधी मी म्हटलं, थांबा, तिला विचारू द्या. पुनम म्हणाली, आता काय विचारायचं नाना? मी खुर्ची ओढून बसलो आणि पुनमसमोर, ड्रायव्हरसमोर, अहिराणीत विचारलं. पोरगी सुरतेला न्यायला आली आहे, तिथे डॉक्टर आहे, जखम भरेल. जाशील का? पुनम माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने बापाला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं.

द्रौपदाने विचार केला. म्हणाली, "जासू." मला वाटलं होतं, नाही म्हणेल. निदान एकदा तरी.

मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुम्हीन?"

मी म्हटलं, मी येतो मागून. गाडी वळली तेव्हा आखाजीहून परतणाऱ्या बायकांनी रस्ता भरलेला होता, पिशव्या, पोरं, डोक्यावर डांगरं. अँब्युलन्स त्यांच्यातून हळूहळू गेली.

घरात आता वास नाही. धूप नाही, पंख्याची करकर तेवढी आहे. तिची गादी उन्हात टाकली.

१४ मे, बुधवार

केंद्र चांगलं आहे म्हणतात. मी जाऊन पाहून आलो, दोन दिवस पुनमकडे राहिलो, परत आलो. जखम लाल झाली आहे, म्हणजे भरते आहे. कूस वेळेवर बदलतात, कागद नाही, हवेची गादी आहे. पण तिथल्या मुली गुजराती बोलतात, हिंदी बोलतात. "बा, कैसा है?" विचारतात आणि द्रौपदा भिंतीकडे तोंड करते.

म्हणून मी एक सोय लावून घेतली. रोज संध्याकाळी सहाला फोन करतो. मुलगी मोबाईल तिच्या कानाला लावते. मी विचारतो, दुखस का, कथं दुखस, जेवनी का, वल्लं तं नही ना. ती सांगते. एक शब्द, दोन शब्द. मग मी त्या मुलीला हिंदीत समजावतो, उजव्या टाचेखाली उशी घाला, पाणी कोमट द्या. पहिल्या दिवशी त्या मुलीला वाटलं, म्हातारा उगाच डोकं खातो. टाच पाहिली तर लाल झाली होती. आता सहा वाजले की तीच फोनची वाट बघते.

रूपाचाही जळगावहून फोन आला होता. म्हणाली, ते म्हातारे बाबा फार चिडके आहेत, तुमच्यासारखेच. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

१७ मे, शनिवार

दुपारभर पडून होतो. पेपर वाचला नाही. स्वयंपाकघरात गेलोच नाही, एकट्यासाठी काय पेटवायचं.

सहाला फोन लावला. विचारलं, दुखस का? म्हणाली, "आज नही." कथंच नही? "नही." मी म्हटलं, बरं, मग ठेवतो.

ती काहीतरी बोलत होती म्हणून थांबलो. शब्द शोधत होती. त्या मुलीला वाटलं संपलं, ती मोबाईल काढायला लागली असावी, कारण खरखर झाली, आणि मग द्रौपदाचा आवाज मोठा झाला. तिने फोन आपल्या डाव्या हाताने धरला असणार, बांगड्या वाजल्या.

"तुम्हीन जेवनात का?"

मी म्हटलं, "हा. जेवनू."

फोन ठेवला. मग उठलो, खिचडीपुरते तांदूळ निवडले आणि गॅस पेटवला.